उजवा हात की डावा? : बेळगाव कॅम्पातील बिल्ल्यांच्या दुकानाचा अनुभव

बेळगावच्या कॅम्प भागात मुख्य रस्ता सोडून आत वळणाऱ्या एका बोळात लष्करी बिल्ले, फिती, नावपट्ट्या आणि बाहीवरची निशाणे भरून देणारे एक लहानसे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. पाटीवर कोणती भाषा किती टक्के असावी हा आपल्याकडचा नित्याचा वाद त्यामुळे या दाराशी कधी पोहोचलेला नाही. 'बिल्ल्यांचे दुकान कुठे' असे मराठीत, कन्नडमध्ये किंवा उर्दूत कोणालाही विचारले की तो हाताने बोळ दाखवतो. यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या जिवंत देखाव्यासाठी मी तेथून ३२ कापडी बिल्ले करून घेतले. तो अनुभव सविस्तर लिहिण्याजोगा वाटतो, कारण जी गोष्ट चूक समजून मी दुरुस्त करायला निघालो होतो ती मुळात चूक नव्हती, आणि हे मला सुईदोऱ्यावर पोट असलेल्या एका माणसाने पाच मिनिटांत पटवून दिले.

देखाव्याचा विषय मित्रसैन्यांचा संयुक्त सराव असा होता. बेळगावच्या माणसाला हा विषय पुस्तकी वाटत नाही. १७६८ मध्ये उभ्या राहिलेल्या पलटणीपासून परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून याच गावात आहे, आणि येथल्या कित्येक घरांत भिंतीवरच्या तसबिरीत एक तरी आजोबा गणवेशात असतात. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानची तुकडी 'धर्म गार्डियन' या सरावासाठी बेळगावलाच आली होती. मालदीवबरोबरचा 'एकुवेरिन', म्हणजे धिवेही भाषेत 'मित्र', हा सरावही येथे झालेला आहे. अमेरिकेबरोबरचा 'युद्ध अभ्यास' २००४ पासून चालू असला तरी त्याचा बेळगावशी संबंध नाही. पण अमेरिकन सैनिक नसतील तर देखाव्याला शोभा काय, असे मंडळातील मुलांचे म्हणणे पडले आणि मी फार ताणून धरले नाही. चार देशांचे प्रत्येकी आठ सैनिक ठरले, आणि निवृत्त शिक्षकाच्या वाट्याला नेहमी येते तसे कपडेपटाचे काम माझ्याकडे आले.

नमुन्यादाखल मुलांनी भ्रमणध्वनीवर एका अमेरिकन सैनिकाचे छायाचित्र दिले होते. त्याच्या उजव्या दंडावरील ध्वजात ताऱ्यांचा निळा चौकोन बघणाऱ्याच्या उजव्या हाताला होता. शाळेच्या नकाशावर, बातम्यांत, सर्वत्र तो चौकोन डावीकडे पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय असते. त्यामुळे हे छायाचित्र कोणी तरी आरशासारखे उलटले असावे, असे मी गृहीत धरले. हल्ली स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढताना तसे होतेच. एका मुलाने तर रुग्णवाहिकेच्या कपाळावर जशी पुढच्या वाहनाच्या आरशासाठी उलटी अक्षरे लिहितात तसेच काही तरी हे असावे, असा तर्क लढवला. तर्क वाईट नव्हता, फक्त सैनिकाच्या पुढे आरसा लावून कोण चालतो, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. 'ध्वज सरळ करून द्यावा' अशी सूचना कागदावर लिहून मी दुकानात गेलो.

दुकानदार साठीचे असावेत. गिऱ्हाईक त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी माझा कागद वाचलाच नाही. आधी छायाचित्र पाहिले आणि विचारले, "सर, उजव्या हाताचा की डाव्या हाताचा?"

"कुठल्याही हाताचा. झेंडा तोच की."

"झेंडा तोच हो सर, पण बाजू तीच नाही की."

मी छायाचित्र उलटले असल्याची माझी शंका सांगितली. काकांनी ते बोटांनी मोठे केले आणि सैनिकाच्या छातीवरच्या पट्टीकडे माझे लक्ष वेधले. तेथे सैन्याचे नाव सरळ, वाचता येईल असे होते. छायाचित्र उलटले असते तर अक्षरेही उलटली असती. अक्षरे सरळ आहेत, म्हणजे छायाचित्र खरे आहे आणि ध्वज मुद्दामच तसा लावलेला आहे. चाळीस वर्षे मुलांना 'नीट निरीक्षण करा' असे सांगत आलेल्या माणसाला हे दिसले नव्हते, याची मला त्या क्षणी थोडी लाज वाटली.

पुढचा खुलासा त्यांनी तोंडाने कमी आणि हाताने जास्त केला. गल्ल्याशेजारी ठेवलेली एक लाकडी पट्टी त्यांनी घेतली, तिला बक्रमचा, म्हणजे अस्तराच्या कडक कापडाचा, एक चौकोनी तुकडा टाचला, त्या तुकड्याच्या काठीलगतच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुली मारली आणि ते सोंग माझ्या हाती देऊन मला बोळातून चालायला लावले. समोरून वारा येतो आहे असे धरले, तर काठी पुढे राहते आणि कापड मागे फडफडते. माझ्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या माणसाला फुली त्याच्या डावीकडे दिसते, उजव्या अंगाला उभ्या असलेल्याला ती त्याच्या उजवीकडे दिसते, आणि दोघेही एकच निशाण पाहत असतात. डाव्या दंडावरचा बिल्ला म्हणजे डावीकडून दिसणारे निशाण, उजव्या दंडावरचा बिल्ला म्हणजे उजवीकडून दिसणारे. उजव्या दंडावर जर 'सरळ' ध्वज लावला तर काठी मागे आणि कापड पुढे होते. तसे दृश्य प्रत्यक्षात केव्हा दिसेल? निशाणवाला उलट्या पावली मागे सरकत असेल तेव्हा. काकांनी एवढेच म्हटले, "शिपाई मागं चालल्यागत दिसतो, सर."

घरी येऊन मी अमेरिकन सैन्याचा नियम पाहिला आणि काकांचे म्हणणे त्याच्याशी तंतोतंत जुळले. त्यांच्या गणवेशविषयक नियमावलीचा क्रमांक ६७०-१ आहे. तीत उजव्या बाहीवरील ध्वजाचा ताऱ्यांचा भाग पुढच्या दिशेने असावा आणि सैनिक पुढे जात असताना ध्वज वाऱ्यावर फडकतो आहे असे भासावे, अशा अर्थाची तरतूद आहे. बिल्ल्याचा आकारही सुमारे २ इंच बाय ३ इंच असा दिलेला आहे. हा ध्वज सर्व सैनिकांनी लावावा असे २००३ मध्ये ठरले, त्याआधी तो प्रामुख्याने परदेशी मोहिमांवरील तुकड्यांपुरता होता. तो उजव्याच बाहीवर का, याचे कारण जागेच्या वाटणीत आहे. अमेरिकन सैनिकाच्या डाव्या बाहीवर तो सध्या ज्या तुकडीत आहे तिचे निशाण असते, त्यामुळे ध्वज उजवीकडे गेला, आणि उजवीकडे गेल्यामुळे हा 'उलटा' दिसण्याचा प्रश्न उभा राहिला. डावीकडे असता तर कोणाच्या मनात शंकाही आली नसती.

हाच न्याय ते विमानांनाही लावतात. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानाच्या शेपटीवरील ध्वज डाव्या अंगाला नेहमीसारखा आणि उजव्या अंगाला उलटा असतो, कारण विमानाचे नाक ही पुढची दिशा आहे आणि तारे नाकाकडे हवेत. भिंतीवर ध्वज लावताना मात्र तारे बघणाऱ्याच्या डावीकडेच असावेत, असे त्यांचीच ध्वजसंहिता सांगते. या दोन नियमांत विरोध नाही. भिंत कोठे चालत जात नाही, म्हणून तिला पुढची बाजू नसते.

मला खरे कुतूहल होते ते निराळ्याच गोष्टीचे. अमेरिकन नियमावली काकांनी कधी पाहिलेली नव्हती, मग हे त्यांना ठाऊक कसे? त्याचे उत्तर दुकानाच्या भिंतीवर टांगलेले होते. आपल्याकडे शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते तेव्हा गल्लोगल्लीची मंडळे तरुणांना एकसारखे अंगरखे शिवतात आणि दोन्ही बाह्यांवर भगवा भरून घेतात. भगवा हा आयत नव्हे. त्याची एक बाजू काठीची आणि दुसरी दोन शेपट्यांची. तो दोन्ही बाह्यांवर एकाच तोंडाचा भरला तर एका बाहीवर शेपट्या मागे उडतात आणि दुसऱ्या बाहीवर पोटाकडे घुसतात, आणि घोड्यावर बसलेला मावळा एका अंगाने चाल करून जाताना तर दुसऱ्या अंगाने माघार घेताना दिसतो. काका गेली कित्येक वर्षे भगव्याच्या जोड्या करतात: एक डावा, एक उजवा, जशा वहाणा असतात तशा. ताऱ्यांचा ध्वज त्यांच्यासमोर आला तेव्हा त्यांनी तारे पाहिलेच नाहीत, काठीची बाजू कोणती एवढेच पाहिले. पंढरीच्या वाटेवर खांद्यावर पताका घेतलेला वारकरी ज्याने पाहिला आहे त्याला खरे तर हे कळायला कोणत्याही नियमावलीची गरज नव्हती. आपण मात्र ध्वज कागदावर आणि पडद्यावर इतका पाहतो की तो दोन बाजूंचे कापड आहे हे विसरून त्याचे एका बाजूचे चित्र करून टाकतो.

मंडळातील मुलांनी मध्यंतरी परस्पर एक उपाय करून पाहिला होता, तोही सांगण्यासारखा आहे. त्यांनी ऑनलाइन दोन तयार अमेरिकन बिल्ले मागवले होते, आणि ते निघाले डाव्या हाताचे. 'फिरवून लावले की झाले' असे म्हणून त्यांनी ते अर्धा फेरा फिरवून उजव्या बाहीवर चिकटवले. तारे पुढे आले खरे, पण त्याचबरोबर खाली गेले. बिल्ला फिरवणे आणि आरशात पाहणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. फिरवल्याने डावे-उजवे बदलते तसे वर-खालीही बदलते, आणि आरशाने फक्त एकच बदलते. भूमितीच्या तासाला हे फळ्यावर काढून दाखवले तर वर्ग झोपतो, बाहीवर दाखवले तर पाचवीच्या मुलालाही कळते. शिवाय अमेरिकन ध्वज तारे खाली करून लावणे हे त्यांच्या संहितेप्रमाणे जिवावरच्या संकटाचा इशारा समजले जाते. आमच्या देखाव्यातील सैनिक तोवर सुखरूप होते.

तिरंग्याच्या बाबतीत डाव्या-उजव्याचा प्रश्न मुळीच येत नाही, आणि आपल्या लोकांना हे कोडे पडण्याचे तेच मुख्य कारण असावे. तीन आडवे पट्टे आणि मध्ये २४ आऱ्यांचे चक्र. आरशात धरले तरी काहीच बदलत नाही. किल्ला तळ्याकाठी २०१८ मध्ये ११० मीटर उंच स्तंभ उभारला तेव्हापासून तेथला तिरंगा आपण बसस्थानकाच्या बाजूने पाहतो, किल्ल्याच्या बाजूने पाहतो, पण आपण पुढची बाजू पाहिली की मागची, असा विचार कोणाच्या मनात येत नाही. ध्वजाला पाठ असते हे तिरंग्याने आपल्याला जाणवूच दिलेले नाही. जपानचाही तोच प्रकार, पांढऱ्यावर मधोमध लाल गोळा, त्यामुळे त्या आठ बिल्ल्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, इतकेच की लाल रंग उत्तम उतरला.

तिरंग्यात धोका आहे तो वर-खालीचा. केशरी पट्टा हेतुपुरस्सर खाली ठेवून ध्वज लावणे हा १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वेल्क्रोवर चिकटणारा बिल्ला घाईघाईत उलटा लागायला वेळ लागत नाही. यावर काकांच्या मुलीने योजलेला उपाय मला या दुकानातील सर्वांत मोलाचा वाटला. यंत्रावरचे सगळे काम तीच पाहते. तिने प्रत्येक बिल्ल्याच्या पाठीमागे, वेल्क्रोच्या वरच्या काठाला, पांढऱ्या दोऱ्याने एक लहान बाण आणि 'वर' हा शब्द भरला होता. अमेरिकन बिल्ल्यांवर त्याखाली 'उजवा' असेही होते. याचे वेगळे पैसे तिने लावले नाहीत आणि असे काही करणार आहोत हेही आधी बोलून दाखवले नाही.

कायद्याच्या बाबतीत दुकान जितके काटेकोर आहे तितके काही गिऱ्हाइकांना जाचक वाटेल. आमच्या मुलांना तिरंगा पॅन्टच्या खिशावरही हवा होता. काकांनी साफ नकार दिला, आणि ते बरोबर होते. कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने राष्ट्रध्वज पोशाखात वापरायला वाट दिली, पण कमरेखाली नाही. माझ्यासमोरच एका बाईंनी १५ ऑगस्टसाठी उशीच्या अभ्र्यांवर तिरंगा भरून मागितला, त्यांनाही याच दुरुस्तीचा आधार देऊन परत पाठवले. उशा, हातरुमाल आणि आतले कपडे यांवर राष्ट्रध्वज भरता किंवा छापता येत नाही. त्या बाई रागावून गेल्या. त्यांना समजावताना काकांचा स्वर थोडा सौम्य असता तर बरे झाले असते, असे मला वाटते, कारण असला नियम बहुतेकांच्या गावीही नसतो.

त्याचप्रमाणे सैन्याचे नव्या ठिपकेदार नक्षीचे कापड, जे १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी प्रथम दिसले, ते ओळखपत्राशिवाय येथे दाखवतसुद्धा नाहीत. त्या नक्षीचे हक्क सैन्याने नोंदवून घेतलेले आहेत, आणि सैनिक असल्याची बतावणी करण्यासाठी गणवेश घालणे हा गुन्हाही आहे. देखाव्यात बतावणीचा हेतू नसतो, हे काकांना मान्य होते. तरीही त्यांनी आम्हाला साधे हिरवट-खाकी कापड घ्यायला लावले, आणि रात्रीच्या दिव्यांत ते काही वाईट दिसले नाही.

मालदीवचा ध्वज हा या सगळ्यातील अवघड भाग ठरला. लाल चौकटीत हिरवा आयत, त्यात पांढरी चंद्रकोर, आणि कोरीची बंद बाजू काठीकडे. म्हणजे भगव्याप्रमाणे यालाही पुढची आणि मागची दिशा आहे. उजव्या बाहीवर कोर उलटवावी की नाही, यावर आमची बरीच चर्चा झाली. बाहीवरच्या ध्वजाचा नियम प्रत्येक देशाचा आपापला असतो. अमेरिका उलटवते म्हणून सगळे उलटवतात असे मानण्याचे कारण नाही. काकांनी ही गाठ ज्या सोप्या रीतीने सोडवली तिचे मला फार कौतुक वाटले. "डाव्या हाताला लावा की सर," ते म्हणाले, "तिथं काठी आपोआप पुढं येते." खरोखरच, डाव्या दंडावर भिंतीवरच्यासारखा सरळ ध्वज लावला की काठीची बाजू छातीकडे येते आणि पुढे जाणाऱ्या निशाणाचे दृश्यही बिघडत नाही. दोन्ही नियम तेथे एकाच जागी भेटतात. म्हणून भारत, जपान आणि मालदीव यांचे बिल्ले डाव्या बाहीवर गेले आणि एकट्या अमेरिकेचे उजव्या.

आरशाची ही युक्ती सगळीकडे चालत नाही, असे मुलीने पुढे सांगितले. यंत्राच्या संगणकावर नक्षी उलटवायला एक कळ पुरते, पण ध्वजावर अक्षरे असतील तर तीही उलटतात. सौदी अरेबियाच्या ध्वजावर कलमा लिहिलेला असल्याने तो दोन्ही बाजूंनी नीट वाचता येईल असाच करतात. आमच्या तिरंग्याखाली 'भारत' अशी पट्टी होती, ती तिने नक्षीपासून वेगळी ठेवली होती. दुसऱ्या एका ठिकाणी मागे एका मंडळाने घेतलेल्या बिल्ल्यांवर मंडळाचे नाव आरशातल्यासारखे उमटले होते आणि तेच बिल्ले लावून मुले नऊ दिवस नाचली, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

आता कामाच्या दर्जाविषयी. तीन इंच बाय दोन इंच हे माप तिरंग्याला सोयीचे, कारण आपल्या ध्वजाचे प्रमाणच ३:२ आहे. अमेरिकन ध्वजाचे प्रमाण १०:१९ असल्यामुळे दोन इंच उंचीला खरे तर ३.८ इंच लांबी हवी. बिल्ल्यात तो आखडून बसवावा लागतो, आणि ही आखडण अधिकृत बिल्ल्यातही असतेच, त्यामुळे तिचा दोष दुकानाला देता येत नाही. ५० तारे नऊ ओळींत बसवायचे म्हणजे दोन ओळींमध्ये जेमतेम तीन मिलिमीटर मिळतात. एवढ्या जागेत दोऱ्याने पाच टोकांचा तारा काढणे अशक्यप्राय असल्याने जवळून पाहिले तर येथील तारे गाठीसारखे दिसतात. हाताच्या अंतरावरून मात्र ते ताऱ्यांसारखे चमकतात. १३ पट्टे मी मोजले. सात लाल, सहा पांढरे, सगळे सरळ रेषेत.

चक्राची मला अधिक चिंता होती. भारतीय मानकातील सर्वांत लहान ध्वज १५० बाय १०० मिलिमीटरचा आणि त्यावरील चक्र २५ मिलिमीटरचे असते; आमचा बिल्ला त्याच्या निम्मा, म्हणजे चक्र जेमतेम साडेबारा मिलिमीटरचे. बाजारातल्या तयार बिल्ल्यांवर मी १६ आरे मोजलेले आहेत आणि १२ सुद्धा. येथे भिंग लावून मोजले तेव्हा २४ भरले. मध्यभागी दोरा गोळा होऊन गाठ येऊ नये म्हणून मुलीने आरे केंद्रापर्यंत न नेता आतल्या लहान वर्तुळाशी थांबवले होते. हुबळीजवळच्या बेंगेरीत राष्ट्रध्वज शिवणाऱ्या कारागिरांचा काटेकोरपणा आपण ऐकून असतो. त्याच्याशी याची बरोबरी मी करणार नाही, पण वळण त्याच बाजूचे आहे.

दोषही आहेत आणि ते लिहिलेच पाहिजेत. पहिल्या नमुन्यातील केशरी रंग चक्क लालसर होता. काकांना तो चालण्यासारखा वाटला, मला वाटला नाही, आणि दोरा बदलून घेण्यासाठी मला दोनदा खेटे घालावे लागले. गुरुवारी मिळायचे काम रविवारी मिळाले. वीज गेल्याचे कारण सांगितले गेले, जे खरेही असेल, पण कळवायला एक फोन पुरला असता. बिल्ल्यांच्या पाठीचे बक्रम इतके कडक होते की अर्ध्या बाहीच्या मुलांच्या दंडावर ओरखडे उठले, आणि शेवटी घरी बसून ३२ बिल्ल्यांच्या कडांना आतून मऊ कापडाची पट्टी लावण्याचे काम माझ्या पत्नीने केले. मशीनवर घालण्यापूर्वीच हे विचारात घेतले पाहिजे होते. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितली तर वहीच्या पानावर मिळते.

दर वाजवी वाटला. नक्षी यंत्रात बसवण्याला, ज्याला ते पंचिंग म्हणतात, प्रत्येक ध्वजामागे ३५० रुपये, म्हणजे चार ध्वजांचे १४००; भरण्याचे नगाला ७० प्रमाणे २२४०; वेल्क्रोचे नगाला १० प्रमाणे ३२०. एकूण ३९६० रुपये झाले. उलटवलेल्या नक्षीचे वेगळे पंचिंग लावले नाही, याची नोंद केली पाहिजे, कारण अन्यत्र डाव्या-उजव्याच्या जोडीला दोन नक्षींचे पैसे मागितल्याचा मला अनुभव आहे, आणि ते मागण्यात काडीचाही अर्थ नाही.

देखाव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतील एक निवृत्त सुभेदार पाहायला आले. मुलांच्या रांगेपुढून ते तपासणीला आल्यासारखे चालत गेले, एकाची टोपी सरळ केली, एकाला पोट आत घ्यायला सांगितले आणि अमेरिकन तुकडीजवळ थांबून उजव्या बाह्यांकडे पाहत राहिले. मी स्पष्टीकरण द्यायला पुढे झालो. त्यांनी हातानेच मला थांबवले आणि विचारले, "कॅम्पातनं केला काय?" मी होय म्हटले. ते पुढच्या रांगेकडे वळले. नंतर चहा घेताना मात्र त्यांनी मालदीवच्या कोरीबद्दल विचारले, आणि काकांची डाव्या हाताची युक्ती ऐकून ते मनापासून हसले.

मी या दुकानाला पाचपैकी चार गुण देईन; एक गुण बक्रमचा आणि रविवारचा मिळून कापला आहे. सणासुदीच्या कामासाठी किमान तीन आठवडे आधी जावे. केशरी दोऱ्याचा नमुना दिवसाच्या उजेडात पाहून घ्यावा, कारण दुकानातील दिव्याखाली सगळेच रंग थोडे तांबूस दिसतात. ज्या कपड्यावर बिल्ला लावायचा तो सोबत न्यावा आणि लहान मुलांसाठी असेल तर पाठीला मऊ कापड लावायला आधीच सांगावे. हात कोणता ते मात्र कागदावर लिहून नेण्याची गरज नाही. ते काका स्वतःच विचारतात.